रेडमंडची रात्रपाळी

२६ मे १९९५, शुक्रवार. तुमच्या गळ्यात निळं ओळखपत्र आहे, म्हणजे तुम्ही इथले कायमचे कर्मचारी. गाव रेडमंड, सिएटलच्या पूर्वेला, सरोवरापलीकडे. उंच सूचिपर्णी झाडांमधून मायक्रोसॉफ्टच्या बुटक्या इमारती पसरल्या आहेत. आत लांबच लांब कॉरिडॉर आणि दोन्ही अंगांना खोल्या. इथे इंजिनिअरला दार लावून बसता येईल अशी स्वतःची खोली मिळते. फ्रीजमधली थंड पेयं फुकट. पहिल्या उघड्या दारातून आत शिरा आणि फळीवरची ती पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी हातात घ्या. तिच्यावर धातूच्या छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. एक पट्टी म्हणजे बाजारात गेलेलं एक उत्पादन. या खोलीतल्या माणसानं इतक्या वर्षांत काय केलं ते त्या पट्ट्या सांगतात.

कंपनी कशी चालते तेही त्याच पाटीवर दिसतं. दोन-तीन वर्षं राबायचं, चुका हुडकायच्या, दुरुस्त करायच्या, तारीख गाठायची. मग एके दिवशी मास्टर डिस्क कारखान्याकडे रवाना होते. तिथे तिच्या लाखो प्रती निघतात, खोक्यांत भरल्या जातात, जगभरच्या दुकानांत पोचतात. डिस्क हातावेगळी झाली की काम संपलं. पट्टी मिळते, लोक सुट्टीवर जातात. गिऱ्हाइकानं एकदा पैसे मोजले की खोकं त्याचं. या जूनअखेर संपणाऱ्या वर्षाची उलाढाल सहा अब्ज डॉलरच्या घरात जाते आहे, आणि विंडोज ९५ बाजारात यायला अजून तीन महिने आहेत.

आता पडद्याकडे बघा. बिल गेट्स यांचं एक टिपण वरिष्ठ मंडळींना गेलंय, मथळा 'इंटरनेटची महालाट'. वाचताना तुम्हाला जाणवेल की लिहिणारा माणूस घाबरलेला नाही, पण खडबडून जागा झालाय. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यानंतरची सर्वांत मोठी घडामोड इंटरनेट हीच, असं तो बजावतो. यापुढे त्याला सर्वोच्च महत्त्व द्यायचं, असं ठरवून टाकतो. इंटरनेटवरच जन्मलेल्या, ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप या नव्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतो. आणि मध्येच एक साधं निरीक्षण टाकतो: दहा तास वेब चाळलं, तरी वर्डची एक फाइल आढळली नाही. ॲपलच्या क्विकटाइमच्या चित्रफिती मात्र पुष्कळ.

तुम्हीही करून बघा. ब्राउझर उघडा, एका पानावरून दुसऱ्या पानावर जा. विद्यापीठांची पानं, ग्रंथालयांच्या याद्या, कोणा हौशी माणसानं जमवलेले तारे आणि ग्रह. चित्र वरून खाली हळूहळू उतरतं. तासाभरानं लक्षात येतं, की घराघरांतले आणि कचेऱ्यांतले बहुतेक संगणक ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिचा या नव्या मुलखात मागमूसही नाही. तिला कोणी हाकललेलं नाही. तिच्यावाचून कोणाचं अडलंच नाही.

हे पहिल्यांदा गेट्स यांना दिसलं असं नव्हे. जानेवारी १९९४ मध्ये जे. अलार्ड या तरुण इंजिनिअरनं याच विषयावर टिपण लिहिलं होतं. त्याच हिवाळ्यात मायक्रोसॉफ्टचेच स्टीव्हन सिनोफ्स्की कॉर्नेल विद्यापीठात बर्फामुळे अडकले, तिथले विद्यार्थी सगळं काही इंटरनेटवर उरकताना त्यांनी पाहिले आणि परतल्यावर कळवलं. मोठ्या संस्थेत धोक्याची जाणीव आधी खालच्या मजल्यावर होते. ती वर पोचायला इथे सव्वा वर्ष लागलं, आणि माझ्या मते हा वेग त्या आकाराच्या कंपनीला शोभण्यासारखाच आहे.

पुढचं भराभर बघून घेऊ. ९ ऑगस्टला नेटस्केपचा शेअर २८ डॉलरला विक्रीस येतो आणि पहिल्याच दिवशी ५८.२५ वर बंद होतो. २४ ऑगस्टला विंडोज ९५ साठी मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा लागतात. फ्लॉपीवर घेतलंत तर तेरा फ्लॉप्या. कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, इंटरनेट एक्स्प्लोरर, त्या खोक्यात नाहीच, तो वेगळ्या 'प्लस' पॅकमध्ये विकत घ्यावा लागतो. ७ डिसेंबरला गेट्स सिएटलमध्ये पत्रकारांपुढे इंटरनेटचं धोरण मांडतात. मग ब्राउझर फुकट होतो, विंडोजमध्ये मिसळला जातो, नेटस्केप मागे पडतं, आणि १८ मे १९९८ रोजी अमेरिकी सरकार मक्तेदारीचा खटला दाखल करतं. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम देतात. वर्षभरानं अपील न्यायालय तो रद्द करतं.

या लढाईबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. या सगळ्या धुमश्चक्रीत कंपनीनं इंटरनेट आपल्या खोक्यात आणून बसवलं, पण खोकं सोडलं नाही. पैसे येण्याची वाट तीच, कामाचा कालखंड तोच, पाटीवरच्या पट्ट्या त्याच. नवं काही हवं असेल तर पुढच्या खोक्याची वाट बघायची. मराठी लिहिणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. रा. कृ. जोशी यांनी रेखलेलं 'मंगल' हे देवनागरी वळण विंडोज २००० बरोबर आलं. तोवर मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांच्या खासगी सांकेतिक भाषांत अडकलेला होता, आणि एका संगणकावर टाइप केलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की निव्वळ गिचमीड.

आता २००५ मध्ये उतरा. ऑक्टोबरची २८ तारीख, पुन्हा शुक्रवारच. उलाढाल चाळीस अब्ज डॉलरला टेकली आहे. कॉरिडॉर तेच, माणसं मात्र थकलेली. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीचं काम गेल्या वर्षी जवळजवळ नव्यानं मांडावं लागलं. बाजारात यायला ती जानेवारी २००७ उजाडणार आहे. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली, तेव्हापासून पुढची नाही. लढाई जिंकल्यावर त्या तुकडीतली माणसं दुसऱ्या कामांना लावली गेली.

पडद्यावर आज नवं टिपण आहे, आणि लेखक रे ओझी. लोटस नोट्स घडवणारा हा माणूस आपली ग्रूव्ह नेटवर्क्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतल्यावर याच वर्षी इथे आलाय. घरातल्यांना दिसेनासं झालेलं पाहुण्याला दिसतं, तसं हे लिखाण आहे. तो म्हणतो, जाहिरातींवर चालणारी सेवा हा आता खरा धंदा झालाय. सॉफ्टवेअर वरिष्ठांनी खरेदी करून खाली उतरत नाही, वापरणारा स्वतः शोधतो, चाखून बघतो, आवडलं तर पैसे देतो. आणि लोकांना सगळ्या यंत्रांवर विनासायास चालणारं हवं आहे. मग तो आपल्याच कंपनीच्या हातून काय काय निसटलं ते नावानिशी मोजतो. वेबवरचा शोध महत्त्वाचा ठरणार हे कंपनीला माहीत होतं, पण जागा गूगलनं घेतली. इंटरनेटवरून बोलण्याची सोय स्काइपनं लोकप्रिय केली.

इथे तुम्ही एक गंमत नव्हे, दुःख बघून घ्या. जीमेल एप्रिल २००४ मध्ये आलं, गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये. नकाशा माउसनं ओढला की पान पुन्हा न उघडता पुढचा तुकडा दिसतो, आणि जग चकित होतं. ब्राउझरला गुपचूप सर्व्हरकडून माहिती आणता येते, त्यातूनच हे साधतं. ती युक्ती पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टमध्येच लिहिली गेली होती. आउटलुकची टपाल वेबवर वाचता यावी म्हणून एका तुकडीनं ती तयार केली आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर ती जगात गेली. हत्यार घरचं, कारागीर घरचे. पण त्या हत्यारानं वर्ड किंवा एक्सेल ब्राउझरमध्ये उतरवलं असतं, तर त्याच इमारतीत विकल्या जाणाऱ्या खोक्यावर घाव बसला असता. तो घाव घालायला कोणाला सांगायचं? ज्याची बढती खोक्यांच्या विक्रीवर ठरते त्याला?

म्हणून १९९५ च्या टिपणापेक्षा २००५ चं टिपण मला जास्त अवघड वाटतं. पहिल्यात शत्रू बाहेर होता. दुसऱ्यात कंपनीला स्वतःच्या कमाईशी भांडायचं होतं. आणि त्याहून मोठी अडचण तर टिपणात मावणारीच नव्हती. भांड्यांच्या दुकानदाराचा व्यवहार गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडलं की मिटतो. खानावळवाल्याला मात्र उद्या दुपारी बारालाही गरम पोळी वाढायची असते, आणि परवाही. या इमारतींत वीस वर्षं उत्तम भांडी घडवणारे कारागीर होते. त्यांना आता खानावळ चालवायची होती.

२००६ मध्ये ॲमेझॉन आपले सर्व्हर तासाच्या भाड्यानं देऊ लागतं. पुस्तकं विकणारी कंपनी संगणक भाड्यानं देते, हे रेडमंडमध्ये अनेकांना पटायला वेळ लागतो. पण एका कोपऱ्यात 'रेड डॉग' या सांकेतिक नावानं अशाच सेवेचं काम सुरू होतं. विंडोज एनटीचा शिल्पकार डेव्ह कटलर त्यात आहे, अमिताभ श्रीवास्तव आहेत. २७ ऑक्टोबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या परिषदेत ओझी ते जाहीर करतात. नाव, अझूर. फेब्रुवारी २०१० पासून ते पैसे देऊन वापरता येतं, आणि मार्च २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर वॉशिंग्टन विद्यापीठात सांगतात की कंपनीनं सगळं काही क्लाउडवर, म्हणजे अशा भाड्याच्या सर्व्हरांवर, पणाला लावलंय. जून २०११ मध्ये वर्गणीवरचं ऑफिस ३६५ येतं. जाहीर करण्याजोगं सगळं जाहीर झालं. आता तुम्हाला एका रात्री नेतो.

२८ फेब्रुवारी २०१२, मंगळवार, रेडमंडमध्ये दुपारचे चार. ग्रिनिचमध्ये मध्यरात्र उलटून २९ तारीख लागली. पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेत, दूधवाले निघालेत. तुमच्यापुढच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे आहेत, कारण जे सर्व्हर आधीपासून चालू आहेत त्यांना काहीच झालेलं नाही.

पण अझूरमध्ये कुठेतरी एक नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोटातला सॉफ्टवेअरचा संगणक, जागं होतं. जागं झाल्याबरोबर त्याच्या पोटातला एक छोटा प्रोग्राम एक सर्टिफिकेट तयार करतो. ग्राहकाच्या गुप्त किल्ल्या वाटेत कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून ते लागतं. त्याची मुदत एक वर्ष. मुदतीची तारीख काढायची कशी? दिवस तोच, महिना तोच, सालात एक मिळवायचा. लिहिणाऱ्यानं अगदी सरळ विचार केलाय. आज २९ फेब्रुवारी २०१२, म्हणजे मुदत २९ फेब्रुवारी २०१३ पर्यंत.

असा दिवसच नाही. सर्टिफिकेट बनत नाही, प्रोग्राम बंद पडतो.

त्या मशीनवर देखरेख करणारा दुसरा प्रोग्राम बाहेर, खऱ्या सर्व्हरवर बसलेला असतो. तो निरोपाची वाट बघतो, पंचवीस मिनिटं. निरोप नाही, म्हणून मशीन पुन्हा चालू करतो. पुन्हा पंचवीस मिनिटं. पुन्हा एकदा. तीनदा हेच झाल्यावर तो निष्कर्ष काढतो की या सर्व्हरचं यंत्रच बिघडलेलं असणार, आणि 'माणसानं येऊन बघावं' अशी खूण करून ठेवतो. घड्याळात सव्वापाच. आता तुमच्या पडद्यावर लाल ठिपके उमटायला लागतात, सर्व्हरांच्या एकेका समूहात, भराभर.

आणि इथे त्या यंत्रणेचा चांगुलपणाच तिच्यावर उलटतो. सर्व्हर आजारी पडला तर त्यावरची कामं शेजारच्या निरोगी सर्व्हरवर हलवायची, हे तिला शिकवलेलं आहे. ती हलवते. तिथे ती मशीनं नव्यानं जागी होतात, सर्टिफिकेट मागतात, पडतात. पंचवीस मिनिटं, तीन वेळा, आणखी एक निरोगी सर्व्हर आजाऱ्यांच्या यादीत. ठराविक संख्येपलीकडे बिघाड दिसला तर हलवाहलव थांबवायची, अशी मर्यादा कोणीतरी आधीच घालून ठेवली होती. तीच या संध्याकाळी आडवी येते आणि साथ आवरते.

तुमच्या भोवती आता माणसं जमली आहेत. फोन चालू, फळ्यावर वेळा लिहिल्या जात आहेत. ६ वाजून ३८ मिनिटांनी चूक सापडते. कोडमधली ती ओळ कोणी मोठ्यानं वाचली असेल तर कल्पना करा, खोलीत क्षणभर काय झालं असेल. सालात एक मिळवा.

६ वाजून ५५ मिनिटांनी जो निर्णय होतो, तो अझूरनं पूर्वी कधीच घेतलेला नाही. जगभरातल्या सगळ्या समूहांवर ग्राहकांची व्यवस्थापनाची सोय बंद करायची. कोणी नवं मशीन सुरू करायचं नाही, वाढवायचं नाही, बदलायचं नाही. कारण नवं जे काही जागं होईल ते पडणारच आहे. जे चालू आहे ते चालू राहू द्यायचं. विचार करा, खोक्यांच्या काळात कंपनीला सगळ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला महिने लागत. आज एका संध्याकाळी, एका खोलीतून, सर्वांच्या हातातलं काम एकदम थांबवता येतं. ही ताकद आहे आणि हे ओझंही आहे, दोन्ही एकाच कळीत.

रात्री दुरुस्ती लिहून होते, चाचण्या होतात, पहाटे दोनच्या सुमारास पहिल्या खऱ्या समूहावर ती बसते आणि चालते. मग सात समूह उरतात, जे नेमके त्याच दिवशी एका दुसऱ्या अपडेटच्या मध्यावर होते. २ वाजून ४७ मिनिटांनी त्यांच्यावर घाईनं जुळणी करून दुरुस्ती ढकलली जाते. देखरेखीचा प्रोग्राम जुना आणि नेटवर्कचा भाग नवा, दोघांचं जमत नाही. तोवर धडधाकट चालू असलेली मशीनंही तिथे नेटवर्कपासून तुटतात. आधीच्या चुकीत कोणाला दोष द्यावा असं वाटत नाही. ही दुसरी चूक मात्र थकलेल्या माणसांची, रात्री पावणेतीनची आहे, आणि ती मला जास्त जवळची वाटते. सगळं पूर्ववत व्हायला १ मार्चची पहाट उजाडते.

त्या ॲक्रिलिकच्या पाटीवर या रात्रीची पट्टी कुठे लावणार? काहीच बाजारात गेलं नाही. जे कालपर्यंत चालत होतं ते उद्याही चालावं, एवढ्यासाठी माणसं जागली. कंपनी खरी बदलली ती टिपणांनी नव्हे, अशा रात्रींनी, असं माझं ठाम मत आहे. आणि पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ९ मार्चला त्या विभागाचे एक वरिष्ठ, बिल लेंग, मिनिटामिनिटाचा सविस्तर अहवाल जाहीर करतात. लीप वर्षाची ती बेरीजही त्यात आहे आणि २ वाजून ४७ मिनिटांची घाईही. संबंधित सेवांच्या ग्राहकांना, फटका बसला असो वा नसो, त्या महिन्याच्या बिलात ३३ टक्के सूट दिली जाते. स्वतःच्या कोडमधली ओळ अशी चव्हाट्यावर ठेवणं ही लाजेची गोष्ट नाही, खानदानी गोष्ट आहे.

त्या वेळी सर्व्हर विभागाचे प्रमुख होते हैदराबादचे सत्या नडेला. त्यांच्या हाताखाली दोन घरं नांदत होती. भरपूर कमावणारं, सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकणारं जुनं घर, आणि अजून फारसं न कमावणारं क्लाउडचं नवं घर. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी ते संपूर्ण कंपनीचे प्रमुख झाले. मार्चमध्ये ॲपलच्या आयपॅडसाठी ऑफिस आलं. ज्या लिनक्सला पूर्वी शत्रू मानलं होतं, ते अझूरवर सुखानं चालू लागलं. भाडं देणारा कोणती प्रणाली वापरतो याच्याशी मालकाला काय करायचंय.

पण त्या उन्हाळ्यातही जरा थांबा. जुलैमध्ये १८,००० माणसांची कपात जाहीर झाली. त्यातली बहुतेक नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतल्यावर तिथून आलेली, पण सॉफ्टवेअर तपासणारे कितीतरी परीक्षकही त्यात होते. तीन वर्षांनी एकदा खोकं जायचं तेव्हा महिनोन्‌महिने तपासणी चाले, त्यासाठी वेगळी फौज लागे. दर आठवड्याला कोड बदलणार असेल तर लिहिणाऱ्यानंच तपासायचं, असं ठरलं. धंद्याच्या हिशेबानं ते बरोबर असेल. ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून त्या पाट्या भरू दिल्या, त्यांचा निरोप एका ईमेलमधून यावा हे मला अजून पटत नाही.

आणि गिऱ्हाईक? अडोबीनं मे २०१३ मध्ये सांगून टाकलं की यापुढे फोटोशॉपची नवी आवृत्ती खोक्यात मिळणार नाही, महिन्याची वर्गणी भरा. त्या वर्षी त्यांची उलाढाल ४.४ अब्ज डॉलरवरून चारच्या आसपास उतरली, कारण एकरकमी पैसे थांबले आणि हप्ते नुकते सुरू झाले होते. कंपनीनं तो खड्डा सोसला आणि पुढे भरभरून कमावलं. आपल्याकडचा छोटा प्रकाशक, फोटो स्टुडिओवाला, लग्नपत्रिका छापणारा यांना मात्र तो खड्डा दरमहा सोसावा लागतो. एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षं वापरायचं, ही त्यांची काटकसर होती. वर्गणी थकली की आपलीच फाइल उघडायला अडचण, ही नवी भीती. क्लाउडच्या कौतुकात ही माणसं दिसेनाशी होतात, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो.

शेवटचा मुक्काम घराजवळचा. सप्टेंबर २०१५. मायक्रोसॉफ्टची भारतातली डेटा सेंटरं सुरू झाली आहेत. चेन्नईचं साउथ इंडिया, मुंबईचं वेस्ट इंडिया, आणि पुण्याचं नाव नकाशावर सेंट्रल इंडिया. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती आपली माहिती देशाबाहेर पाठवायला तयार नव्हती, आणि सिंगापूरपर्यंत जाऊन येण्यात लागणारा वेळ अनेक कामांना परवडत नव्हता. म्हणून सर्व्हर इथे आले.

तुम्ही पुण्यातल्या एका पतपेढीच्या कचेरीत बसला आहात. समोर क्लाउड विकायला आलेला तरुण आहे, त्याच्या लॅपटॉपवर रंगीत तक्ते. पतपेढीचे जुने लेखापाल चष्मा कपाळावर सरकवून त्याला विचारत आहेत: "आमच्या खातेदारांची माहिती नक्की कोणत्या शहरात राहणार? मध्यरात्री बंद पडलं तर उचलणारा फोन कोणाचा? आणि उद्या आम्हाला सोडायचं झालं, तर सगळं परत कशात मिळेल, किती दिवसांत?" तरुण पहिल्याचं उत्तर लगेच देतो. दुसऱ्यासाठी करारातलं पान उघडतो. तिसऱ्यासाठी, "साहेब, विचारून सांगतो," म्हणतो, आणि लेखापाल वहीत तो प्रश्न लिहून त्याच्यापुढे तारखेसाठी जागा सोडतात.